धावणं की वजनं: चरबी नेमकी कशाने उतरते?

तुम्ही लिहिलंय की गेले दहा महिने आठवड्यातून चार दिवस सहा-सात किलोमीटर धावताय. वजन ८४ वरून ७८ किलोवर आलं आणि गेले तीन महिने तिथेच अडकलंय. हात-खांदे बारीक झाले, पोटाचा घेर मात्र म्हणावा तसा कमी झाला नाही. जिमला जाणारा मित्र म्हणतो, धावण्याने स्नायू झडतात, ते बंद कर आणि वजनं उचल, चरबी आपोआप जाईल. तेव्हा धावणं सोडू का, असं तुम्ही विचारताय.

सोडू नका. मित्राचं निम्मं म्हणणं मात्र खरं आहे, आणि तुमच्या बाबतीत नेमकं तेच निम्मं कामाचं आहे. मी लोकांना धावायलाही शिकवते आणि वजनं उचलायलाही. या वादात दोन्ही बाजूंची माणसं दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात. धावण्याने ऊर्जा खर्च होते. वजनं उचलल्याने ठरतं की ऊर्जेची तूट पडल्यावर, म्हणजे खाल्ल्यापेक्षा खर्च जास्त झाल्यावर, शरीर चरबीला हात घालेल की स्नायूंनाही. आणि मुळात तूट किती पडणार, हे बऱ्याच अंशी जेवणावर ठरतं. ही तीन कामं वेगळी ठेवून पाहिली तर तुमचं वजन का अडकलं आणि हात का बारीक झाले, दोन्हीचा उलगडा होतो.

आधी धावण्याचा हिशोब. सपाट रस्त्यावर धावताना दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण १ कॅलरी खर्च होते (रोजच्या बोलण्यात ज्याला आपण कॅलरी म्हणतो ती, म्हणजे किलोकॅलरी). गंमत अशी की वेगाने यात फार फरक पडत नाही. हळू धावलात तर वेळ जास्त लागेल, पण तेवढ्याच अंतराचा खर्च जवळजवळ तेवढाच राहील. ७८ किलोचा माणूस ७ किलोमीटर धावला की सुमारे ५५० कॅलरी. त्यातल्या साठेक कॅलरी तो तेवढा वेळ नुसता बसून राहिला असता तरी गेल्याच असत्या. म्हणजे निव्वळ खर्च ४९० च्या आसपास आणि चार दिवसांचे मिळून दोन हजारांच्या जरा खाली. एक किलो शारीरिक चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. खाण्यात काहीच बदल झाला नाही असं धरलं, तर तुमच्या धावण्यातून आठवड्याला पाव किलो चरबी जायला हवी.

वजनं उचलण्याच्या एका तासात, सेटमधली (एका दमात उचलण्याच्या फेऱ्यांमधली) विश्रांती धरून, याच वजनाच्या माणसाचा खर्च बहुतेक वेळा ३०० ते ४०० कॅलरींच्या घरात असतो. तेवढ्याच तासात मध्यम वेगाने धावणारा त्याच्या दुप्पट खर्च करू शकतो. निव्वळ खर्चाच्या शर्यतीत धावणं पुढे आहे आणि इथे शंकेला जागा नाही.

मग जिमची मंडळी दोन उत्तरं देतात. पहिलं असं की स्नायू वाढले की चयापचय वाढतो आणि झोपेतही चरबी जळते. तत्त्व खरं आहे, प्रमाण फार फुगवलेलं आहे. एक किलो स्नायू आरामात असताना दिवसाला सुमारे १३ कॅलरी खर्च करतो आणि एक किलो चरबी साडेचार. शरीराच्या विश्रांतीच्या खर्चाचा मोठा वाटा यकृत, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडं यांचा असतो. नेटाने व्यायाम करून दोन किलो स्नायू कमावलेत, आणि हे काम महिन्यांचं आहे, तर दिवसाला पंचवीसएक कॅलरींचा फायदा. तेवढ्यावर कुणाचं पोट उतरत नाही.

दुसरं उत्तर ‘आफ्टरबर्न’चं. जोरदार व्यायामानंतर काही तास शरीर जास्त ऑक्सिजन वापरत राहतं, हे बरोबर आहे. पण हा वाढीव खर्च व्यायामातल्या खर्चाच्या ६ ते १५ टक्क्यांच्या आसपास असतो. ४०० कॅलरींच्या व्यायामामागे फार तर साठ. शिवाय धावणाऱ्यालाही तो मिळतोच.

प्रत्यक्ष प्रयोगही हेच सांगतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने वजन जास्त असलेल्या, बैठं आयुष्य जगणाऱ्या प्रौढांना तीन गटांत विभागलं. एका गटाला फक्त एरोबिक व्यायाम (चालणं-धावण्यासारखा, दम टिकवून बराच वेळ करायचा), दुसऱ्याला फक्त वजनं, तिसऱ्याला दोन्ही, असं आठ महिने चाललं. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. एरोबिक गटाची चरबी सरासरी दीड किलोहून थोडी जास्त उतरली. फक्त वजनं उचलणाऱ्यांची चरबी जवळजवळ जिथल्या तिथे राहिली आणि स्नायू वाढल्यामुळे वजन थोडं वाढलं. तेही आठवड्यातला जास्त वेळ व्यायामाला देऊन. दोन्ही करणाऱ्या गटाची चरबी एरोबिक गटापेक्षा थोडी जास्त गेली, पण तो फरक ठामपणे वेगळा म्हणावा इतका नव्हता आणि त्यासाठी वेळ जवळजवळ दुप्पट गेला. तेव्हा ‘धावणं बंद कर, वजनं उचल, चरबी आपोआप जाईल’ हा सल्ला खाणं न बदलता पाळलात तर निराशा पदरी येईल.

पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसते. आठ महिन्यांत दीड-पावणेदोन किलो. कागदावरचा हिशोब याहून बराच मोठा निघतो. मग उरलेल्या कॅलरी जातात कुठे?

थोड्या भुकेत जातात. धावून आल्यावर ताटात एक वाढणी जास्त येते, ‘आज धावलोय’ म्हणून एखादा गोड पदार्थ येतो आणि तासाभराची मेहनत दहा मिनिटांत भरून निघते. थोड्या हालचालीत जातात. सकाळी दमून आलेला माणूस दिवसभरात नकळत कमी उठतो, कमी चालतो, जिन्याऐवजी लिफ्ट धरतो. आणि शरीर स्वतःही काटकसर करतं. मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. दिवसभर पायपीट करणाऱ्या या माणसांचा खर्च, शरीराच्या आकारमानाचा हिशोब धरल्यावर, शहरात बसून काम करणाऱ्यांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. हालचाल वाढत गेली की शरीर इतरत्र खर्च आवरतं, असा अर्थ ते लावतात. ही काटकसर नेमकी किती होते यावर संशोधकांत मतभेद आहेत, पण ती होते हे वजन कमी करायला धावणाऱ्या माणसांत मला सतत दिसतं.

तुमचं वजन अडकलं त्यामागे हेच आहे, त्यात तुमच्या कष्टांचा दोष नाही. सहा किलो कमी झालेलं शरीर विश्रांतीतही कमी खर्च करतं आणि तोच ७ किलोमीटरचा रस्ता आता चाळीसेक कॅलरी कमी घेतो. भूक वाढलेली आहे. सुरुवातीची तूट अशी चारी बाजूंनी भरून निघाली. यावर बरेच जण अंतर वाढवतात, सातचे दहा, दहाचे बारा करतात. तसं करू नका. त्याने गुडघे-घोटे थकतील आणि भूक आणखी वाढेल. मनगटावरच्या घड्याळातला कॅलरींचा आकडा बघून तेवढं खायची सवय असेल तर तीही सोडा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली अशी सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी मोजले, पण ऊर्जाखर्चात सगळ्यात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं.

आता तुमच्या बारीक झालेल्या हातांकडे येते. मित्राचं खरं असलेलं निम्मं इथे आहे.

ऊर्जेची तूट पडली की शरीर साठ्यातून भागवतं. चरबीच्या पेशींमधून मेदाम्लं रक्तात सुटतात आणि स्नायूंच्या पेशींत जळतात. जळालेल्या चरबीचा बहुतांश भाग शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. १० किलो चरबी पूर्ण वापरली गेली तर त्यातली ८.४ किलो उच्छ्वासातून जाते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. घामाने चरबी जाते, हा समज यात मोडतो. पण तूट असताना शरीर स्नायूंमधली प्रथिनंही मोडतं. ज्या स्नायूंवर भार पडत नाही ते सांभाळायचं त्याला काही कारण दिसत नाही. धावताना पाय काम करत राहतात, म्हणून ते बऱ्यापैकी टिकतात. छाती, पाठ, खांदे आणि दंड यांना दहा महिन्यांत कुणी काम सांगितलं नाही. तुमच्या सहा किलोंत काही भाग तिथला आहे.

म्हणजे स्नायू धावण्याने झडले नाहीत. तूट, अपुरी प्रथिनं आणि भाराचा अभाव या तिन्हींनी मिळून ते गेले. मॅरेथॉन जिंकणाऱ्यांची काटकुळी शरीरं पुरावा म्हणून दाखवतात, पण तिथे कार्यकारणभाव बराचसा उलटा आहे. हलक्या बांध्याची माणसं लांब अंतरात पुढे जातात म्हणून ती तिथे दिसतात. आठवड्याला २५-३० किलोमीटर धावणाऱ्या माणसाने त्यांच्याकडे पाहून घाबरायचं कारण नाही.

वजनं उचलल्याने काय साधतं, याचा मला सगळ्यात पटलेला पुरावा २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. ६५ वर्षांवरच्या १६० स्थूल व्यक्तींवरचा सहा महिन्यांचा प्रयोग होता. व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचा आहारही नियंत्रित केला होता आणि तिन्ही गटांचं वजन सुमारे ९ टक्क्यांनीच उतरलं. काट्यावर पाहिलं तर काहीच फरक नाही. पण चरबी वगळून उरणारं वजन, ज्यात स्नायू येतात, फक्त एरोबिक करणाऱ्यांत ५ टक्क्यांनी घटलं, फक्त वजनं उचलणाऱ्यांत २ टक्क्यांनी आणि दोन्ही करणाऱ्यांत ३ टक्क्यांनी. शारीरिक क्षमतेत सगळ्यात जास्त सुधारणा दोन्ही करणाऱ्यांत झाली. आहारात तूट असताना वजनं उचलली की उतरणाऱ्या प्रत्येक किलोत चरबीचा वाटा वाढतो. हे काट्यावर दिसत नाही, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही, आणि वर्षभराने वजन परत चढतं तेव्हा गेलेल्या स्नायूंच्या जागीही चरबीच येते.

तुमच्या जागी मी काय करेन ते सांगते.

चार धावांच्या तीन करा. दोन सोप्या, ज्यात धावता धावता पूर्ण वाक्यं बोलता यायला हवीत, आणि एक जरा लांब. मोकळ्या झालेल्या दिवशी आणि आणखी एका दिवशी, पाऊण-पाऊण तास वजनं. यंत्रांची रांग पालथी घालायची गरज नाही. स्क्वॉट (वजन घेऊन खाली बसून उठणं), कंबरेतून वाकून उचलण्याचा एक प्रकार (रोमानियन डेडलिफ्ट उत्तम), एक ढकलण्याचा व्यायाम म्हणजे पुशअप किंवा बेंच प्रेस, एक ओढण्याचा म्हणजे रोइंग किंवा पुलडाउन, आणि धावणाऱ्यांसाठी पोटऱ्यांचे काफ रेझेस. प्रत्येकाचे दोन-तीन सेट, सेटमध्ये ६ ते १२ रेप्स, म्हणजे तीच हालचाल तितक्या वेळा. वजन असं निवडा की सेट संपताना अजून दोनच रेप्स झाल्या असत्या असं वाटावं. बारा सहज होऊ लागल्या की वजन वाढवा. हे वाढवत नेणंच मुख्य आहे. हलके डंबेल घेऊन पन्नास वेळा हात हलवणं, घाम येईपर्यंत उड्या मारणं याला मी वजनांचा व्यायाम म्हणत नाही. तो धावण्याचाच दुबळा पर्याय आहे, आणि तुम्ही मुळात धावताच आहात.

दोन्ही एकत्र केलं तर एकाने दुसरं बिघडतं, असंही तुम्हाला कुणी सांगेल. या समजामागे व्यायामाचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांचा १९८० सालचा प्रयोग आहे. त्यात दोन्ही करणाऱ्यांची ताकद काही आठवडे वाढली आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात घसरली. पण ती माणसं आठवड्यातून पाच दिवस वजनं आणि सहा दिवस जोरदार सहनशक्तीचा व्यायाम करत होती. तीन धावा आणि दोन जिम या प्रमाणात अशी काळजी नको. एवढंच पाळा की लांब धावेच्या आदल्या दिवशी पायांचा जड व्यायाम नको, आणि दोन्ही एकाच दिवशी आले तर आधी वजनं किंवा मध्ये काही तासांचं अंतर.

आता जेवण. तुमचं अडकलेलं वजन हलणार ते इथून. रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी कमी, एवढी तूट पुरे. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे तुमच्यासाठी ४०० ते ८०० ग्रॅम, याहून वेगाने उतरवायला गेलात तर स्नायू वाचवणं अवघड होत जातं. प्रथिनं दर किलो वजनामागे १.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्यासाठी दिवसाला सव्वाशे ग्रॅम. बहुतेक लोक याच्या निम्म्यावर असतात आणि त्यांना ते माहीतही नसतं. एक आठवडा वहीत लिहून पाहा. अंडी, मासे, दूध, कडधान्यं, सोयाबीन, जे खात असाल ते तिन्ही जेवणांत वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

प्रथिनं आणि भार एकत्र आले की काय होतं, ते कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१६ सालच्या प्रयोगात दिसलं. तरुण पुरुषांना चार आठवडे ४० टक्के कमी ऊर्जेच्या आहारावर ठेवून जोरदार व्यायाम दिला, वजनांचा आणि वेगाच्या व्यायामांचा. किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढलं. १.२ ग्रॅम घेणाऱ्यांची चरबी साडेतीन किलो गेली आणि चरबीविरहित वजन जवळपास तेवढंच राहिलं. एवढी तीव्र तूट घरी करून पाहू नका. पण चरबी उतरत असताना स्नायू टिकू शकतात, नवशिक्यात वाढूही शकतात, हे त्यातून स्पष्ट होतं. वजनांच्या बाबतीत तुम्ही नवशिकेच आहात आणि ही तुमच्यासाठी चांगली बातमी आहे.

झोपेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण पहाटे धावणारे लोक झोपेतून वेळ काढतात हे मला ठाऊक आहे. शिकागो विद्यापीठाच्या २०१० सालच्या छोट्या प्रयोगात दहा जणांना सारखाच कमी कॅलरींचा आहार दिला, दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेची मुभा देऊन. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं. कमी झोपेत मात्र त्यातला चरबीचा भाग निम्म्याहून कमी झाला. माणसं थोडीच होती, तरी मी हे गांभीर्याने घेते. साडेपाच तास झोपून पहाटे धावायला उठण्यापेक्षा त्या दिवशी झोपा.

पोटाबद्दल. पोटाचे व्यायाम करून पोटाची चरबी जात नाही. टेनिसपटूंच्या दोन्ही हातांवरची चरबी १९७१ साली मोजली गेली होती. खेळणारा हात दुसऱ्यापेक्षा जाड होता, पण त्वचेखालच्या चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच. चरबी कुठून आधी जाणार हे आनुवंशिकता आणि हार्मोन्स ठरवतात आणि पुरुषांत पोट बहुधा शेवटी उतरतं. मात्र पोटाच्या आत, अवयवांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी वेगळी. मधुमेह आणि हृदयविकाराशी नातं जास्त तिचं आहे, आणि ती कमी करण्यात एरोबिक व्यायाम वजनांपेक्षा सरस ठरला आहे. बाहेरून घेर तेवढाच दिसत असतानाही आतली चरबी कमी होत असू शकते. धावणं सोडू नका असं मी इतक्या ठामपणे म्हणते, त्याचं मोठं कारण हे आहे.

हेच उत्तर सगळ्यांना लागू नाही. वजन खूप जास्त असेल तर मी धावायला लावतच नाही. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पडतो. अशा माणसाने भरभर चालावं आणि वजनं लगेच सुरू करावीत. पन्नाशीपुढच्या व्यक्तींत, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत, वेळ एकाच गोष्टीला असेल तर मी वजनांना देते आणि उरलेलं चालण्यावर सोपवते, कारण त्या वयात स्नायू आणि हाडं दोन्ही झपाट्याने जातात आणि परत मिळवायला फार कष्ट पडतात. काटा ‘नॉर्मल’ दाखवतो पण हातपाय काटक्या आणि पोट पुढे, अशांनीही आधी वजनं. यकृतावर चरबी असल्याचं निदान झालेल्यांनी चालणं-धावणं वगळू नये. छातीत दुखणं, चक्कर, वाढलेला रक्तदाब यातलं काही असेल तर आधी तपासणी.

शेवटचं, मोजमापाबद्दल, नाहीतर पहिल्याच महिन्यात तुम्ही बिथराल. वजनं सुरू केली की स्नायूंत ग्लायकोजन (शरीराने साठवलेली साखर) आणि पाणी साठतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा किलोभर वर जाऊ शकतो. ती चरबी नव्हे. पायाखाली ठेवायच्या यंत्रावर दिसणारा चरबीचा टक्काही शरीरातल्या पाण्यानुसार बदलत राहतो, त्यावर रोज विश्वास ठेवू नका. रोज सकाळी वजन घ्या, पण आठवड्याची सरासरीच वाचा. टेपने बेंबीच्या पातळीवर घेर मोजा, उपाशीपोटी, श्वास सोडून, पंधरा दिवसांतून एकदा. स्क्वॉटचं वजन वहीत लिहा. घेर कमी होतोय आणि उचललेलं वजन वाढतंय, मग काटा हलला नाही तरी काही बदलू नका. सहा आठवड्यांनी घेरही तेवढाच आणि सरासरी वजनही तेवढंच असेल, तर रोजच्या खाण्यातून आणखी दीडशे-दोनशे कॅलरी कमी करा. धावण्याचं अंतर तेव्हाही वाढवू नका.